चाळीस आणि पंधरा : खुब्याच्या वाटीचा कोन

पाताळगंगेच्या काठचे आमचे आपटा गाव बहुतेकांना ठाऊक असते ते रेल्वे स्टेशनामुळे. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' या १९९५ च्या चित्रपटातली शेवटची धावपळ याच फलाटावर चित्रित झाली, आणि आजही लोक तिथे उतरून फोटो काढतात. माझा विषय मात्र धावण्याचा नाही, बसण्याचा आहे. आपट्यात मी लहानाचा मोठा झालो तेव्हा घरात खुर्ची एकच होती आणि ती पाहुण्यांसाठी होती. बाकी सारे जमिनीवर. जेवायला पाट, चुलीपुढे उकिडवे, नदीवर धुणे उकिडवे, गणपतीत आरतीनंतर मांडी. शौचाला जाणेही त्याच हिशेबात आले. दिवसाकाठी माणसाचा खुबा किती वेळा पूर्ण दुमडत असेल, हे तेव्हा कुणी मोजले नाही. मोजायचे कारणही नव्हते.

पुढे मी मुंबईत आणि मग नवी मुंबईत एक्स-रे विभागात नोकरी केली. तिथे हा खुबा माझ्या हाताखालून हजारो वेळा गेला. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया सर्जन करतात, पण तिचा आराखडा ज्या चित्रावर आखला जातो ते चित्र आम्ही काढतो. म्हणून या आराखड्याचा, त्यातही वाटीच्या कोनाचा इतिहास मी इतकी वर्षे जमेल तसा वाचत आलो. तो कोन कुठून आला आणि आपल्यासारख्या जमिनीवर बसणाऱ्यांना तो कितपत लागू पडला, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

आधी कोन म्हणजे काय ते समजून घेऊ. खुब्याचा सांधा उखळीचा. कंबरेच्या हाडात एक खोलगट वाटी, आणि तिच्यात मांडीच्या हाडाच्या माथ्यावरचा गोळा. सांधा झिजला की सर्जन वाटीच्या जागी नवी वाटी बसवतात आणि गोळ्याच्या जागी दांड्यावर बसवलेला नवा गोळा. दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळीत जातो. आता स्वयंपाकघरातली एक वाटी हातात घ्या. तिचे तोंड सरळ जमिनीकडे केले तर तिरपेपणा शून्य. सरळ बाजूच्या भिंतीकडे वळवले तर नव्वद. खुब्याची वाटी या दोहोंच्या मधे, साधारण निम्म्यावर बसवतात. शिवाय तिचे तोंड किंचित समोर वळवायचे असते. तो झाला पुढचा कल. तिरपेपणा फार झाला तर गोळा वाटीच्या काठावर भार टाकतो आणि बाहेर सटकू पाहतो. फार कमी झाला तर पाय उचलताना दांड्याची मान काठावर आपटते आणि तरफेसारखा गोळा उचकटला जातो. पुढचा कल कमी पडला तर खाली बसताना सांधा मागच्या बाजूने निखळतो, जास्त झाला तर पुढच्या बाजूने. सारा खेळ थोड्या अंशांचा.

सुरुवातीच्या काळात या अंशांकडे कुणाचे लक्ष नव्हते, कारण सांधा टिकणे हाच प्रश्न होता. जर्मनीत थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९१ मध्ये हस्तिदंती गोळा बसवल्याचे सांगितले. १९३८ मध्ये फिलिप वाइल्स यांनी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात धातूचे वाटी-गोळा दोन्ही बसवले. त्याच वर्षी अमेरिकेत स्मिथ-पीटरसन धातूची नुसती टोपी गोळ्यावर चढवत होते. १९५० नंतर आली ऑस्टिन मूर यांची सळई. मान मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ती भारतात इतकी रुळली की आमच्या खात्यात नुसते 'मूर' म्हटले तरी कळे. मूरमध्ये वाटी मूळचीच राहते, त्यामुळे वाटीचा कोन सर्जनला ठरवावाच लागत नाही. निसर्गाने दिलेला कोन चालतो.

कोनाचा प्रश्न उभा राहिला तो जॉन चार्नली यांच्यापासून. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात त्यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूचे मांस बिघडले. हा माणूस असा की टेफ्लॉनचा तुकडा स्वतःच्याच मांडीत पुरून काय होते ते त्याने पाहिले. १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे दाट पॉलिथिलीन घेऊन आला. चार्नली यांनी त्यात नख रुतवून पाहिले आणि नापसंतीने बाजूला सारले. ते परदेशी गेलेले असताना त्यांच्या प्रयोगशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने तो तुकडा झिजवण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवड्यांत तो जेवढा झिजला त्याहून जास्त टेफ्लॉन एका दिवसात झिजत असे. नोव्हेंबर १९६२ पासून चार्नली पॉलिथिलीनची वाटी बसवू लागले. (या इतिहासात तंत्रज्ञाचे नाव टिकले, याचा मला व्यवसायबंधू म्हणून आनंद आहे.)

चार्नली यांचा गोळा होता २२.२२५ मिलिमीटरचा, म्हणजे सात अष्टमांश इंच. गोळा लहान तर घर्षणाचा पीळ कमी आणि झीजही कमी. पण लहान गोळ्याला वाटीतून बाहेर पडायला अंतरही कमी लागते. म्हणून वाटी कशी बसवली याला महत्त्व आले. चार्नली स्वतः वाटीला पुढचा कल जवळजवळ देतच नसत. तिरपेपणा पंचेचाळीस, कल शून्य, असा त्यांचा पवित्रा. इतर सर्जनांनी मांडीच्या हाडाच्या बाहेरचा उंचवटा न कापता, मागच्या बाजूने सांध्यात शिरायला सुरुवात केली तेव्हा कल वाढवावा लागला. सत्तरच्या दशकात एकेका रुग्णालयाचा कोन वेगळा होता.

मग १९७८ साल. लेविनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३०० सांध्यांचा अभ्यास छापला. ३०० पैकी ९ सांधे निखळले होते. ज्यांच्या वाटीचा तिरपेपणा चाळीस अंश, दहाने कमी-जास्त, आणि पुढचा कल पंधरा, तोही दहाने कमी-जास्त, अशा हद्दीत होता त्यांत निखळण्याचे प्रमाण १.५ टक्के, हद्दीबाहेर ६.१ टक्के. या हद्दीला त्यांनी 'सुरक्षित क्षेत्र' म्हटले. पुढची तीन-चार दशके जगभरचे सर्जन या दोन आकड्यांवर वाढले. आमच्याकडे नवशिके डॉक्टर लाइट-बॉक्ससमोर उभे राहून 'चाळीस-पंधरा' असे पाढ्यासारखे म्हणत.

आता तोच निबंध पुन्हा वाचावा. सारा निष्कर्ष ९ निखळलेल्या सांध्यांवर उभा आहे. शिवाय पुढच्या बाजूने निखळणे आणि वाटीचा जास्त कल यांचा संबंध दिसला. मागच्या बाजूने निखळण्याशी मात्र वाटीच्या कोनाचा ठळक संबंध दिसला नाही, असे लेखकांनीच लिहिले आहे. खाली बसताना निखळतो तो मागच्या बाजूनेच. म्हणजे आपट्याच्या माणसाला ज्याची भीती, त्याबद्दल 'चाळीस-पंधरा' मुळातच फारसे काही सांगत नव्हते. आकडा प्रसिद्ध झाला आणि त्याखालचे वाक्य मागे राहिले, असे मला वाटते. यात लेखकांचा दोष नाही. त्यांनी झाकले काहीच नव्हते.

आराखडा प्रत्यक्षात कसा होई तेही सांगतो, कारण आता तो प्रकार राहिलेला नाही. रुग्णाला पाठीवर निजवून, पाय थोडे आत वळवून दोन्ही खुब्यांचा एकत्र एक्स-रे काढायचा. हाड फिल्मच्या काही इंच वर असते, म्हणून सावली हाडापेक्षा मोठी पडते, साधारण पंधरा ते वीस टक्क्यांनी. जाड माणसात हाड फिल्मपासून आणखी वर, सावली आणखी मोठी. म्हणून मी मांडीच्या बाजूला, हाडाच्या पातळीवर एक नाणे चिकटवत असे. नाण्याचा खरा व्यास ठाऊक, सावलीतला मोजला, की प्रमाण निघाले. इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्या पारदर्शक प्लास्टिकचे साचे देत; त्यांवर वाटी आणि दांड्याची प्रत्येक मापाची बाह्यरेषा तेवढ्याच वाढीव प्रमाणात छापलेली. सर्जन साचा फिल्मवर सरकवत. आधी कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या अश्रूच्या आकाराच्या खुणा जोडून आडवी रेघ मारायची, मग वाटीचा साचा त्या रेघेशी चाळीस अंशांत लावायचा. नंतर दांडा. मान कुठे कापायची, पाय किती लांब होईल, दुसऱ्या पायाशी जुळेल का, सारे तेलकट पेन्सिलीने फिल्मवरच. पाय एक सेंटिमीटरने लांब झाला तरी माणसाला जाणवतो, म्हणून त्यांचा निम्मा वेळ त्यात जाई.

यात एक गोम होती. समोरून काढलेल्या चित्रात तिरपेपणा स्पष्ट दिसतो, पुढचा कल दिसत नाही. वाटीचा काठ लंबगोल दिसतो, त्याच्या जाडीवरून अंदाज बांधता येतो, पण तो बसवल्यानंतर. आधी आखता येत नाही. म्हणजे चाळीस कागदावर असे आणि पंधरा सर्जनच्या डोळ्यात. वाटी ठोकण्याच्या दांड्याला एक आडवी सळई असे, ती टेबलाशी कशी दिसते त्यावर कल ठरे. रुग्ण कुशीवर निजलेला. मांडी ओढली की कंबर पुढे लोळते, आणि टेबलावर पंधरा दिसणारा कल प्रत्यक्षात पाच होतो किंवा पंचवीस. त्यात 'कल' या शब्दाचेच तीन अर्थ होते. शस्त्रक्रियेत दिसणारा, एक्स-रेवर दिसणारा आणि शरीररचनेच्या अक्षांवरून काढलेला, असे तीन कोन एकाच वाटीचे वेगवेगळे येतात, हे मरे यांनी १९९३ मध्ये गणित मांडून दाखवले. तोपर्यंत दोन सर्जन पंधरा अंशांवर वाद घालत तेव्हा ते एकाच कोनाबद्दल बोलत असत, याची खात्री नव्हती.

डॉ. चित्तरंजन राणावत हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ब्रीच कँडी रुग्णालयामुळे. पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे त्यांनी तिथे बदलले, एक २००० मध्ये, दुसरा २००१ मध्ये. राणावत मूळचे मध्य प्रदेशातले, शिक्षण इंदूरला, कारकीर्द न्यूयॉर्कला. खुब्याच्या कोनात त्यांनी घातलेली भर त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे. वाटीचा कल एकटा पाहू नका, दांड्याची मान किती पुढे वळली आहे तेही त्यात मिळवा, हा त्यांचा आग्रह. सांधा बसवून झाला की पाय हळूहळू आत वळवायचा. गोळ्याचा कडा वाटीच्या काठाशी समांतर झाला की थांबायचे. तेवढ्या अंशांत पाय वळला तो दोहोंचा एकत्रित कल. बाईमाणसात तो पंचेचाळिसाच्या आसपास, पुरुषात वीस ते तीस. ना यंत्र, ना एक्स-रे. सिमेंटशिवाय बसवायचा दांडा हाडाच्या पोकळीच्या वळणानेच जातो, तो हवा तसा फिरवता येत नाही. म्हणून पुढे काही सर्जन दांड्याची जागा आधी तयार करू लागले आणि उरलेला कल वाटीला देऊ लागले.

हे सारे निखळू नये म्हणून. पण आपल्याकडे एक वेगळाच प्रश्न त्याआधीपासून उभा होता. क्षयाने किंवा पू होऊन सांधा सडला, तर आपल्याकडचे सर्जन गोळा आणि मान काढून टाकत आणि जागा मोकळी ठेवत. इंग्लंडचे गर्डलस्टोन यांच्या नावाची ही जुनी शस्त्रक्रिया. पाय आखूड होतो, माणूस लंगडतो, काठी लागते. पण दुखणे जाते आणि, हे महत्त्वाचे, खाली बसता येते. बनारसचे डॉ. सु. म. तुली यांनी १९८१ मध्ये याबद्दल लिहिले तेव्हा रुग्णाला उकिडवे आणि मांडी घालून बसता येणे हा लाभ त्यांनी ठळकपणे मांडला. पाश्चात्त्य वाचकाला हे विचित्र वाटले असेल. सरळ चालणारा पण खुर्चीला बांधलेला माणूस बरा, की लंगडत का होईना पंगतीत बसणारा? मी वॉर्डात दोन्ही निवडी करणारी माणसे पाहिली आहेत, आणि दुसरी निवड करणारे अडाणी होते असे मला कधीच वाटले नाही.

आमच्या आळीतल्या एका काकूंचा खुबा १९९८ मध्ये बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. फिल्म मी स्वतः पाहिली. घरी जाताना छापील सूचना मिळाल्या: खाली बसू नये, मांडी घालू नये, उंच कमोड वापरावा. काकूंनी कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारले, "मग गौरीपुढे मी खुर्चीवर बसू? देव खाली आणि मी वर?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या मुलाने मग गौरीच उंच टेबलावर मांडली आणि प्रश्न मिटवला.

त्या कागदावरचा 'मांडी' हा शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला. मूळ इंग्रजी सूचनेत पाय एकमेकांवर टाकू नका असे असते. खुर्चीवर बसून गुडघ्यावर गुडघा टाकणे म्हणजे मांडी वर, आत ओढलेली आणि आत वळलेली. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झालेला सांधा निखळायला नेमकी हीच स्थिती लागते. आपली मांडी याच्या उलट: गुडघे बाहेर, पाय बाहेर वळलेला. भाषांतरात दोन्ही एकच झाले. म्हणून मांडी निर्धोक, असे मी म्हणत नाही. जमिनीवर टेकताना आणि उठताना सांधा खोल दुमडतो, धोका तिथे असतो, आणि समोरून केलेल्या शस्त्रक्रियेचे नियम पुन्हा वेगळे. आपल्या सर्जनला विचारल्याशिवाय कुणी प्रयोग करू नये. पण कोणती हालचाल का नको, हे सांगितले तर माणूस बाकीच्या हालचाली परत मिळवतो.

कोन चुकला तर काय होते याचा सर्वांत महागडा धडा मात्र निखळण्याचा नव्हता. डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा धातूवर धातूचा होता, कोबाल्ट-क्रोमचा. मोठा गोळा, निखळण्याची भीती कमी, तरुण रुग्णांना सोयीचा, अशी त्याची ख्याती. वाटी मात्र अर्ध्या गोलापेक्षा उथळ. उथळ वाटी थोडी जास्त तिरपी बसली तरी गोळ्याचा भार काठावर येतो; दोन धातूंमधला द्रवाचा पातळ थर तुटतो आणि धातूचे सूक्ष्म कण रक्तात जातात. पॉलिथिलीनच्या वाटीने जो पाच-दहा अंशांचा फरक निमूट सोसला असता, तो या वाटीने सोसला नाही. ऑस्ट्रेलियात सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही असल्याने बिघाड तिथे लवकर दिसला आणि २००९ च्या अखेरीस तिथून सांधा मागे घेतला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला. तेव्हा ब्रिटनच्या नोंदींनुसार पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के सांधे पुन्हा बदलावे लागत होते.

भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २०१८ च्या अखेरीस ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले. पण भरपाई द्यायला रुग्ण सापडायला हवेत. बहुतेकांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. माझ्या खात्याच्या दृष्टीने सांगतो: पाच वर्षांनी जुन्या फिल्म रद्दीत जात, त्यातली चांदी काढून घेतली जाई. कुणाची वाटी किती अंशांत बसली होती याचा पुरावा असा वितळून गेला.

दोष रचनेचा की कोनाचा, हा वाद बराच चालला. माझे मत असे की हातून पाच अंश इकडेतिकडे होणार हे गृहीत न धरणारी वस्तू माणसात बसवायचीच नसते. टेबलावर कंबर लोळते. हे १९७८ मध्येही माहीत होते.

अलीकडची गोष्ट लवकर सांगता येते. २०१६ मध्ये मेयो क्लिनिकच्या अब्देल आणि सहकाऱ्यांनी ९,७८४ सांधे तपासले. त्यांतले २०६ निखळले होते, आणि त्यांपैकी ५८ टक्के सांध्यांची वाटी लेविनेकच्या सुरक्षित क्षेत्रातच होती. मग नजर मणक्याकडे वळली. उभा माणूस बसतो तेव्हा त्याची कंबर साधारण वीस अंश मागे कलते. वाटी कंबरेतच रोवलेली, तिचे तोंडही त्यासोबत अधिक समोर उघडते आणि वर येणाऱ्या मांडीला जागा मिळते. ज्याचा मणका वयाने, आजाराने किंवा स्क्रू घालून ताठ झाला आहे, त्याची कंबर कलतच नाही. बसण्याचे सारे काम एकट्या खुब्यावर पडते. अशा माणसाला निजवून काढलेल्या चित्रावरचे चाळीस-पंधरा फसवतात. लॉरेन्स डॉर यांच्यासारख्या सर्जनांनी म्हणून उभ्याचा आणि बसल्याचा असे दोन एक्स-रे बाजूने काढायला सांगितले. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत मीही ते काढू लागलो. आता सीटी स्कॅनवरून त्रिमितीय आराखडा होतो, यंत्रमानवाचा हात ठरलेल्या कोनात वाटी बसवायला मदत करतो. मुंबई-पुण्यातच नव्हे, पनवेलपासून तासाभरावर हे मिळते. कोन आता एक-दोन अंशांपर्यंत साधतो. तो किती असावा, हे अजून माणसाने सांगावे लागते.

बसल्याच्या एक्स-रेसाठी आमच्याकडे एक स्टूल होते, मांडी जमिनीला समांतर राहील एवढ्या उंचीचे. एकदा आपट्याजवळच्याच वाडीतली एक कातकरी म्हातारी आली होती. मी म्हटले, "आजी, नेहमी बसता तशा बसा." ती स्टुलाकडे न पाहता सरळ खाली उकिडवी बसली. डॉक्टरांनी तसाच काढा म्हटले. यंत्राची नळी तेवढी खाली येईना, म्हणून तिला दोन लाकडी ठोकळ्यांवर बसवून ती फिल्म काढली. तिच्या आराखड्यात मग तीच वापरली.